पत्र्याच्या आतली हवा

डिजिटल प्लॅटफॉर्म हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सफाळ्याचा फलाट आठवला. शनिवारी पाळी सुटली की मी डहाणू लोकलला लटकतो, सफाळ्याला उतरतो, तिथून एसटीनं दातिवरे. वैतरणेच्या तोंडाशी आमचं गाव, समोर पाण्यात अर्नाळा. सफाळ्याच्या त्या फलाटावर कुणीही उभं राहतं. मच्छीची पाटी घेतलेली बाई, कॉलेजची पोरं, विरारच्या साईटवर निघालेले बिगारी, मी. तिकीट असलं की झालं.

आता सरकार म्हणतं, बांधकामाची धूळ, राडारोडा, सगळं आम्ही प्लॅटफॉर्मवर आणलं. मी म्हटलं बरं झालं, आपणही जाऊन उभं राहू. तर तिथं लॉगिन लागतं. बिल्डरला लॉगिन आहे, साहेबाला आहे, राडारोडा उचलणाऱ्या ठेकेदाराला आहे. धूळ खाणाऱ्याला दिलेलं मी अजून कुठं पाहिलं नाही.

मला एवढंच सांगायचंय. पण एवढंच सांगितलं तर आपलेच दोस्त म्हणतील, नुसतं बोंबलतोय. म्हणून नीट सांगतो.

मी गोदीत कंत्राटावर आहे. दहावी पास. पुढचं शिक्षण गोण्यांनी केलं. माझ्या गळ्यात पास आहे, पासात चिप आहे. गेटवर टेकवला की किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर आलो, सगळं कुठंतरी लिहिलं जातं. दहा मिनिटं उशीर झाला तर यंत्र बोलतं. पण आत जहाजाच्या पोटात मी काय हुंगलं, रात्री रुमालात काळं काय निघालं, ते त्या चिपला माहीत नाही. यंत्र मुकं नाही दोस्त. त्याला जे विचारायला सांगितलंय तेवढंच ते विचारतं. सांगणारा कोण, हा सवाल आहे.

माझा आत्येभाऊ बांधकामावर आहे. सेंट्रिंग करतो. 2024 च्या डिसेंबरात भायखळ्याला होता. 30 डिसेंबरला पालिकेच्या आयुक्तांनी जाहीर केलं, भायखळा आणि बोरिवली पूर्व, दोन्हीकडं हवेचा निर्देशांक 200 च्या वर गेलाय, तिथली बांधकामं बंद. सकाळी भाऊ कामावर गेला तर मुकादम म्हणाला, काम बंद, एक्यूआय वाढलाय. भावानं मला फोन केला. विचारतो, हा एक्यूआय कोण रे? कुठल्या पार्टीचा?

मी हसलो. मग हसू गेलं. ज्या हवेत तो दोन वर्षं बारा-बारा तास उभा होता, त्या हवेचं नाव त्याला पहिल्यांदा कळलं ते रोजी बुडाली तेव्हा. काही दिवसांनी बंदी उठली. बुडालेल्या दिवसांचे पैसे कुणी दिले नाहीत. शहराची हवा सुधारली की नाही ठाऊक नाही, पण तिची किंमत भावानं भरली. पावती मात्र मिळाली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कायदा वाचायला आपण घाबरायचं नाही, आपल्याला कायदा लिहिणाऱ्याचा वारसा आहे.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा एवढी बिघडली की हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात पालिकेनं बांधकामांसाठी नियमावली काढली. 70 मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती 35 फूट उंच पत्रे. इमारतीला हिरवं कापड. पाण्याचे फवारे. डंपरवर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुवायची. सीसीटीव्ही. धूळ मोजणारा सेन्सर. 2025 मध्ये पुन्हा सांगितलं, सेन्सर लावा आणि पालिकेच्या पडद्याला जोडा, म्हणजे साहेबाला हापिसात बसून कुठली साईट किती धूळ उडवते ते दिसेल. दिल्लीनंही नियम काढले. 2025 चे राडारोड्याचे नियम, अंमल 1 एप्रिल 2026 पासून. 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांनी केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर नोंद करायची, किती तोडलं, किती निघालं, किती पुन्हा वापरलं, हिशेब द्यायचा.

वाईट काय आहे यात? काही नाही. कागदावर तर कामगाराला मास्क, गॉगल, हेल्मेट द्या असंही आहे. भाऊ म्हणतो, दिलं की! फोटो काढण्यापुरतं दिलं. फोटो वर चढला, मास्क परत पेटीत.

त्याच्या आताच्या साईटवर सेन्सर आहे. कुठली साईट ते लिहीत नाही, त्याला उद्या कामावर जायचंय. सेन्सर आहे तो गेटच्या बाजूला, साहेबाच्या केबिनजवळ. पेटीएवढं पांढरं यंत्र. आत उजेडाची तिरीप असते, हवेतली धूळ त्या तिरिपीतून गेली की उजेड फाकतो, तो किती फाकला त्यावरून धूळ मोजतात. साधी गोष्ट. आईनं चुलीपुढं दार उघडलं की उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचताना आपण पाहिलीय, तेच. दमट हवेत ही स्वस्तातली यंत्रं चुकतात, वाफेचा थेंबही धूळ म्हणून मोजतात. म्हणून मोठ्या यंत्राशी त्यांचा मेळ पुन्हा पुन्हा घालावा लागतो. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या गावात तर जास्तच.

पण भावाच्या साईटवरचं यंत्र चुकत नाही. तिथं एक माणूस ठेवलाय. हातात पाईप. दिवसभर यंत्राच्या भोवती पाणी मारतो. आतल्या बाजूला ग्राइंडर लावून टाईल कापतात, काँक्रीट फोडतात, सिमेंटच्या गोण्या फाडतात, तिथं पाणी नाही. पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात, तिथं तर टँकर दिवसाआड. यंत्राला मात्र आंघोळ.

20 मार्च 1927. महाडचं चवदार तळं. पाणी कुणाला आणि कुणाला नाही, हा सवाल आपल्या बापजाद्यांनी तिथं ओंजळीत घेतला होता. आज त्याच सवालाला पाईप जोडलाय.

आता आकड्याकडं या. आकड्यात आपल्याला फसवणं सोपं, कारण आपण आकड्याला बिचकतो. देशाचा नियम असा की 10 मायक्रॉन आणि त्याहून बारीक धूळ, चोवीस तासांची सरासरी काढली तर एका घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅमच्या वर नको. 2.5 मायक्रॉनची जी त्याहून बारीक, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढी, जी फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते, ती 60 च्या वर नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हेच आकडे 45 आणि 15 वर आणले. तो वाद बाजूला ठेवू. आपल्याच 100 ची गंमत बघा.

समजा साईटवर दिवसाचे आठ तास काम चालतं आणि तेव्हा जाड धूळ 250 आहे. रात्रीचे सोळा तास काम बंद, तेव्हा 25. आठ गुणिले अडीचशे, दोन हजार. सोळा गुणिले पंचवीस, चारशे. दोन हजार चारशे भागिले चोवीस. उत्तर शंभर. साईट पास! पडद्यावर हिरवा ठिपका! आणि तुम्ही आठ तास अडीचपट धूळ गिळली. जेव्हा हवा चांगली होती तेव्हा कारखान्यासारखे घोरत पडला होतात.

ही चोवीस तासांची सरासरी त्या माणसासाठी आहे जो शेजारच्या टॉवरमध्ये चोवीस तास राहतो. ती कामगारासाठी नाहीच. कामगाराची धूळ त्याच्या नाकापाशी मोजावी लागते, त्याच्या पाळीच्या तासांत मोजावी लागते. दगड, वाळू, काँक्रीट कापताना जी उडते तिच्यात सिलिका असते. ती छातीत बसली की सिलिकोसिस. या रोगाला इलाज नाही. धूळ अंगावर येऊच न देणं हा एकच इलाज, आणि तो ओल्या कटिंगनं, धूळ ओढून घेणाऱ्या मशीननं होतो. फोटोनं होत नाही.

आणि तो 35 फुटी पत्रा! विचार करा, पत्रा काय करतो? धूळ अडवतो. बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे कुणाजवळ ठेवतो?

एके काळी गावाला कूस होतं आणि आपण कुसाच्या बाहेर. स्वच्छ ते आत, घाण ती बाहेर. आता कूस पत्र्याचं झालं आणि उलटं झालं. घाण आत, आपण आत. स्वच्छ ते बाहेर. बाजू बदलली, वाटणी तीच राहिली. आत कोण आहे ते बघायला जा कधी. मराठवाड्यातून दुष्काळानं हाकललेला आपला माणूस आहे. दिवाळी झाली की घर सोडणारा जव्हार-मोखाड्याचा आदिवासी आहे. बिहार-बंगालचा गरीब मुसलमान आहे. आणि राडारोड्यातून लोखंड वेचणारी बाई आहे, जिचं नाव कुठल्याच हजेरीवर नाही.

आता आमच्या गावाकडं चला. मुंबईची इमारत मुंबईत सुरू होत नाही. ती वैतरणेच्या खाडीत सुरू होते, सक्शन पंपानं वाळू उपसतात तिथून. पालघरच्या डोंगरात, खडीच्या खाणीत सुरू होते. त्या वाहतुकीलाही सरकारनं प्लॅटफॉर्म दिलाय, महाखनिज. गाडीला जीपीएस, मोबाईलवर परवाना. आणि इमारत पाडली की तिचं शेवटचं स्टेशनही आमच्याकडंच. मुंबई पालिकेनं राडारोडा दळायची दोन केंद्रं काढलीत, एक दहिसरला कोकणीपाड्यात, दुसरं शीळफाट्याजवळ डायघरला, रोज प्रत्येकी 600 टन. चांगलं केलं. पण सफाळ्याकडून गावाला येताना रस्त्याकडेच्या खाजणात मी गेल्या पावसाळ्यानंतर एक टाईल पाहिली. बाथरूमची, निळी, फुलाफुलांची, अर्धी फुटलेली. अशा ढीगभर. दातिवऱ्यात अशी टाईल कुणाच्या घरात नाही. ती कुणाच्या न्हाणीघरातून निघाली, कुठल्या गाडीतून आली, रात्री किती वाजता ओतली, हे कुणाच्या पडद्यावर आहे? गाडी निघाली तिथं नोंद असेल. पोचली तिथं आम्ही आहोत. आम्हाला विचारायला जागाच ठेवलेली नाही.

आणि हे तर आता सुरू होतंय. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. वाढवणला बंदर येतंय, 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली, 76 हजार कोटींच्या वरचं काम, 1,448 हेक्टर समुद्र भरून जमीन करणार. मच्छीमार किती वर्षं विरोधात उभे आहेत. एवढ्या भरावाच्या गाड्या कुठल्या रस्त्यानं जाणार? त्या रस्त्याकडेच्या पाड्यात धूळ मोजायचं यंत्र कोण लावणार? आमच्या गावात असलं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. जिथं यंत्र नाही तिथं धूळ नाही, असा हिशेब होऊ नये म्हणून हे लिहितोय.

यावर आपल्यातलेच दोन प्रकारचे दोस्त मला बोलतात.

पहिला म्हणतो, हे पर्यावरण-बिर्यावरण पांढरपेशांचं फॅड आहे. आपल्या पोराला रोजी पाहिजे, हवा नंतर. त्याला मी म्हणतो, हवा आणि रोजी वेगळी कुणी केली? आपण नाही केली. दिल्लीत 2024 च्या नोव्हेंबरात हवेपायी बांधकामं बंद झाली तेव्हा सुप्रीम कोर्टानं राजधानी परिसरातल्या राज्यांना सांगितलं, कामगार उपकराचा पैसा आहे ना, त्यातून मजुरांना निर्वाहभत्ता द्या. दिल्लीत 8,000 रुपये ठरले. म्हणजे होऊ शकतं. आपल्या राज्यातही बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर 1996 च्या कायद्यानं गोळा होत आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी उपकर आहेच. मग भायखळ्यात बंदी आली तेव्हा तो पैसा कुठं होता? मंडळाकडं नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला ठेकेदार देतो. ठेकेदार म्हणतो, तू कोण? तिथंही प्लॅटफॉर्म, तिथंही आपण रुळावर.

दुसरा दोस्त जास्त जहाल आहे. तो म्हणतो, हे सेन्सर, डॅशबोर्ड, सगळं भांडवलदाराचं खेळणं. फोडून टाका. ऐकायला बरं वाटतं. कविता करायला तर फारच बरं. पण मला तारापूर आठवतं.

तारापूरची एमआयडीसी आमच्या जिल्ह्यातली. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या निर्देशांकात सगळ्या देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा म्हणून तिचा नंबर पहिला. गुण 93.69. परीक्षेत एवढे गुण मला कधी पडले नाहीत. या मंडळानं 2014 मध्येच जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना आपोआप मोजणारी, थेट मंडळाला आकडा पाठवणारी यंत्रं बसवायला सांगितलं होतं. मग समुद्र वाचला? नाही. नवापूरच्या किनाऱ्याला काय येऊन पडतं ते मच्छीमारांना यंत्राआधी जाळ्यानं सांगितलं. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. त्या खटल्यात कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी केंद्राला दंड लागला. यंत्रानं नाही लावला. जाळी विणणाऱ्यांनी लावायला लावला. पण कोर्टात उभं राहताना त्यांनाही आकडेच हातात घ्यावे लागले, हे विसरू नका. नुसतं डोळ्यातलं पाणी घेऊन गेले असते तर कोर्टानं पुढची तारीख दिली असती.

म्हणून यंत्र फोडू नका. यंत्र मागा.

गिरणीचं घड्याळ कुणाचं होतं? मालकाचं. भोंगा कुणाचा? मालकाचा. त्याच घड्याळानं आपल्याला चौदा-चौदा तास राबवलं. आपण घड्याळ फोडलं नाही. आपण घड्याळ वाचायला शिकलो, आणि मग म्हणालो, आठ तास, एक मिनिट जास्त नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्याच काळात आठवड्याचे 48 तास कायद्यात बसले. मालकाच्या भिंतीवरचं घड्याळ कामगाराच्या बाजूनं साक्ष द्यायला लागलं. धूळ मोजणाऱ्या यंत्राला आपण तीच साक्ष द्यायला लावायची आहे.

काय मागायचं?

एक. सेन्सर गेटवर नको, जिथं कटिंग चालतं तिथं आणि जिथं मजूर झोपतो तिथं, नाकाच्या उंचीवर. सरासरी पाळीची काढा, चोवीस तासांची नको.

दोन. आकडा साहेबाच्या पडद्यावर आहे तसा साईटच्या पाटीवर हवा. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत. लाल झाला तर काय करायचं तेही खाली लिहा.

तीन. लाल झाला की कामगाराला काम थांबवायचा हक्क. थांबवलं म्हणून रोजी कापायची नाही. बंदी आली तर उपकरातून त्या दिवसांचे पैसे, दाखल्याची भीक न मागता.

चार. राडारोड्याची गाडी जिथं रिकामी होते तिथल्या ग्रामपंचायतीला, तिथल्या माणसाला ती गाडी मोबाईलवर दिसली पाहिजे, आणि त्यानं काढलेला फोटो बिल्डरच्या फोटोएवढाच खरा मानला पाहिजे.

पाच. जो हे आकडे आणि फोटो पाठवील त्याचं नाव मुकादमाच्या हातात पडता कामा नये.

यातलं कुठलंही यंत्र नवं शोधायचं नाही. सगळी यंत्रं आहेत. फक्त तोंड बदलायचंय, साहेबाकडून आपल्याकडं.

परवा रविवारी भाऊ गावी आला होता. खाडीच्या बांधावर बसलो. वारा समुद्राकडून होता, तरी तो खोकत होता. मी मोबाईलवर त्याला केंद्रीय मंडळाचं समीर ॲप दाखवलं. कुठल्या स्टेशनला किती, रंग कसे, हिरवा काय, लाल काय. त्यानं भायखळा बघितलं, मग बोरिवली. मग म्हणाला, दातिवरे लाव. मी म्हटलं, दातिवरे नाही यात. त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मग माझ्या साईटच्या आतलं लाव.

तेही नाही.

दोस्त हो, तुमच्यातले किती जण कॉम्प्युटर शिकलेत, किती जण कॉलेजात आहेत. आम्हाला कविता पाठवता, पाठवत राहा. पण पुढच्या रविवारी एक काम करा. तुमच्या वस्तीजवळच्या साईटवर जा. गेटवरच्या माणसाला विचारा, सेन्सर कुठं आहे, आज आकडा किती. तो हाकलेल. मग सुट्टीला बाहेर पडणाऱ्या मजुरांना नाक्यावर गाठा, चहा पाजा, ते आत कुठं बसवलंय ते सांगतील. लिहून काढा. तारीख घाला. माहितीच्या अधिकारात पालिकेला त्याच तारखेचा आकडा मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आपण छापू.

जय भीम.